ट्रेलरचा टायर एका कडेने झिजतोय? नवा घेण्याआधी हे मोजा

घणसोलीहून माळशेज, मग मुरुड, मग पावसाळा ओसरताना नाशिक. एवढ्या तीन फेऱ्यांत आमच्या दोन एक्सलच्या कॅरॅव्हॅन ट्रेलरचा डावीकडचा मागचा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झाला. बाहेरच्या कडेची नक्षी मात्र नव्यासारखी शाबूत. टायरच्या दुकानात सांगितलं, "टायरच खराब लागला साहेब, बदलून टाका." मी बदलला. पुढच्या दोन हजार किलोमीटरमध्ये नवा टायरही तसाच, त्याच कडेने गेला.

तेव्हा माझी चूक लक्षात आली. मी फक्त खराब दिसणाऱ्या टायरकडे पाहत होतो. ट्रेलरची चाकं एकाच चौकटीला बांधलेली असतात आणि एकाचा दोष दुसऱ्यावर उमटतो. चारही टायर एकत्र पाहिल्याशिवाय दोष सापडत नाही. दुसरं असं की ट्रेलरला स्टिअरिंग नसतं, चाकांची दिशा फिरवणारा टाय रॉड नसतो. त्यामुळे मोटारीच्या अलाइनमेंटच्या दुकानात मशीन कोन दाखवेल, पण तिथे फिरवायला नटच नसतो. दोष वजनात असतो, बेअरिंगमध्ये असतो, कमान पाट्यांमध्ये (लीफ स्प्रिंगमध्ये) असतो किंवा एक्सलमध्ये. तो याच क्रमाने शोधायचा, कारण आधीचं तपासल्याशिवाय पुढचं माप खोटं येतं.

आधी काहीही हलवू नका

टायर खाल्लेला दिसला की पहिला विचार येतो तो चाकं फिरवून लावण्याचा, मागचा पुढे आणि डावा उजवीकडे. निदान होईपर्यंत हे करू नका. कुठला टायर कुठे चालत होता हाच तर पुरावा आहे. चाकं फिरवली की तो पुसला जातो. काढून टाकलेला जुना टायरही महिनाभर गॅलरीत ठेवा.

प्रत्येक टायरवर खडूने जागा लिहा: डावा पुढचा, डावा मागचा, उजवा पुढचा, उजवा मागचा. मग नक्षीची खोली मोजा. त्यासाठीचं छोटं मापक स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतं, आणि व्हर्नियर असेल तर तोही चालतो. प्रत्येक टायरवर आतली खाच, मधली खाच आणि बाहेरची खाच अशी तीन मापं घ्या. मग चाक थोडं पुढे सरकवून आणखी दोन ठिकाणी तीच मापं घ्या. म्हणजे एका टायरची नऊ मापं झाली. कागदावर ट्रेलरचा आराखडा काढून ती त्या त्या जागी लिहा. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आतल्या आणि बाहेरच्या खाचेत दोन मिलिमीटरचा फरक आला तर कारण शोधलंच पाहिजे.

टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, तेही लिहून ठेवा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. वर्षाचे दहा महिने सोसायटीत उभा राहणारा ट्रेलर नक्षी झिजण्याआधी उन्हाने टायर तडकवतो. सहा वर्षांवर गेलेल्या आणि कडेला भेगा पडलेल्या टायरची झीज अभ्यासा, पण त्यावर प्रवास करू नका.

झीज काय सांगते

मधला पट्टा झिजला आणि दोन्ही कडा शिल्लक असतील तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा उंच राहिला तर हवा कमी आहे किंवा वजन जास्त आहे. बहुतेक वेळा ही दोन्ही कारणं एकत्रच असतात.

एकाच एक्सलच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा गेल्या असतील तर एक्सल वजनाने वाकलेला असण्याची शक्यता मोठी. पाट्यांवरचा ट्रेलर एक्सल बनवतानाच मध्ये किंचित वर कमान ठेवून बनवतात, म्हणजे भरलेलं वजन पडल्यावर तो सरळ होतो आणि चाकं उभी राहतात. वजन त्याहून जास्त झालं की एक्सल खाली झुकतो, चाकांची डोकी आत कलतात आणि आतल्या कडेवर सगळा भार येतो. ज्या एका टायरची आतली कड गेली त्याच बाजूचा एक्सलचा टोकाचा दांडा खड्ड्यात आपटून वाकला असेल, तर बाकीचे तीन टायर स्वच्छ दिसतात.

आता सगळ्यात फसवणारा प्रकार. एकाच एक्सलवर डाव्या टायरची आतली कड आणि उजव्या टायरची बाहेरची कड गेली असेल, म्हणजे दोन्ही टायर त्यांच्या उजव्या अंगाने झिजले असतील, तर एक्सल तिरका बसला आहे. एक्सलचं डावं टोक मागे सरकलं की दोन्ही चाकांची तोंडं किंचित डावीकडे वळतात आणि टायर रस्त्यावर सतत आडवे घासत चालतात. दोन एक्सलच्या ट्रेलरमध्ये तर दोन्ही एक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात. ट्रेलर थोडा तिरका होऊन मधला मार्ग काढतो, आणि पुढच्या एक्सलचे टायर उलट कडांनी झिजू लागतात.

हे बोटांनीही कळतं. तळहात नक्षीवरून आधी बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर टायर आडवा घासतोय. बाहेरून आत येताना टोचलं तर त्या चाकाचं तोंड बाहेरच्या बाजूला वळलेलं आहे, आतून बाहेर जाताना टोचलं तर आतल्या बाजूला. दोन्ही टायर एकाच दिशेने, समजा डावीकडून उजवीकडे, टोचत असतील तर पूर्ण एक्सल तिरका आहे. आधी हातात तारा येतायत का हे बघून घ्या. फार झिजलेल्या टायरची स्टीलची तार बाहेर येते आणि हात फाडते.

परिघावर जागोजागी खळगे पडले असतील तर सैल बेअरिंग, बॅलन्स न केलेलं चाक किंवा तुटलेला पाटा यापैकी काहीतरी असतं. एकच सपाट चट्टा असेल तर ब्रेक अडकून ते चाक घसटत गेलं आहे. आणि दोन एक्सलचा ट्रेलर सोसायटीच्या अरुंद फाटकातून जागच्या जागी वळवत असाल, तर चारही टायरांच्या कडांवर थोडी खरचटलेली झीज दिसणारच. ती दोष नाही. वळण मोठं घ्या, म्हणजे ती कमी होते.

वजन काट्यावर

कळंबोली, तळोजा, तुर्भे या भागांत वजनकाटे भरपूर आहेत. प्रवासाला निघताना असतो तसा भरलेला ट्रेलर न्या: पाण्याची टाकी भरलेली, सिलेंडर, बॅटरी, कपडे, भांडी सगळं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे टाकीच्या जागेबाबत लक्षात ठेवा.

ट्रेलर गाडीला जोडलेला असताना फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घेऊन एक वजन घ्या. मग गाडी बाजूला सरकवून फक्त डावी चाकं काट्यावर आणि उजवी शेजारच्या सपाट जमिनीवर. शेवटी एक एक्सल पुढे घेऊन एकेका चाकाचं वजन. काट्यावरच्या माणसाला गर्दी नसताना भेटा आणि काय करायचंय ते नीट सांगा. सकाळी लवकर गेलात तर ऐकून घेतात. जमीन काट्याच्या पातळीला नसेल तर एका बाजूचं वजन चुकीचं येतं, म्हणून तशी जागा असलेला काटा शोधा.

आमचा हिशेब असा निघाला: डावा पुढचा ४२० किलो, डावा मागचा ४९०, उजवा पुढचा ३४०, उजवा मागचा ३९०. एकूण १,६४० किलो, तेही टायरांच्या एकत्रित क्षमतेच्या आत. पण आमच्या टायरवर भारांक ८२ होता, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. डावा मागचा एकटा त्याच्या वर गेला होता. पाण्याची टाकी, बॅटरी आणि फ्रिज तिन्ही डावीकडे बसवलेले होते, आणि गाडीचा हुक उंच असल्यामुळे ट्रेलरचं नाक वर राहून भार मागे जात होता. भारांक ८५ म्हणजे ५१५ किलो आणि ८८ म्हणजे ५६० किलो. आपल्या टायरवरचा आकडा वाचा आणि एकूण वजनावर समाधान न मानता प्रत्येक चाकाशी ताडून बघा.

जोडलेल्या अवस्थेत चौकटीची जमिनीपासूनची उंची पुढे आणि मागे मोजा. दोन्ही जवळपास सारख्या हव्यात.

हवा

थंड टायरची हवा तपासा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो, म्हणून स्वतःचं मापक ठेवा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआयने वाढते. घाटातल्या गार पहाटेचा आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या मे महिन्यातल्या दुपारचा आकडा एकच येणार नाही. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नका. किती भरायची ते ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी नसेल तर टायर बनवणाऱ्या कंपनीच्या भार-हवा तक्त्यातून, तुमच्या सगळ्यात जड चाकाच्या वजनाप्रमाणे घ्या. एका एक्सलच्या दोन्ही टायरांत हवा सारखीच हवी.

जॅक लावून

सपाट, टणक जागा. पेव्हर ब्लॉकवर जॅक ठेवायचा असेल तर खाली जाड फळी घाला, कारण पावसाळ्यात ब्लॉक खचतात. उचलायच्या नाहीत त्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा आणि ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा. जॅक एक्सलच्या मध्यभागी कधीही लावू नका. मधली नळी वाकली की तुम्ही स्वतःच नवा दोष बनवलात. चौकटीखाली किंवा बनवणाऱ्याने दाखवलेल्या जागी लावा, आणि चाक उचलल्यावर स्टँड दिल्याशिवाय हात आत घालू नका.

उचललेलं चाक वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर बेअरिंग सैल आहे. मग चाक फिरवा. खरखर आवाज म्हणजे बेअरिंग खराब. एका ठिकाणी घासून पुढे सरकत असेल तर ब्रेकचा ड्रम लंबगोल झालाय. फिरतच नसेल तर ब्रेक अडकलाय. फिरताना रिमच्या कडेजवळ खिळा धरून बघा. अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. बेअरिंग सैल असेल तर ती आधी दुरुस्त करा. ती तशीच ठेवून पुढची मापं घेणं व्यर्थ आहे. वर्षातून एकदा बेअरिंग काढून धुऊन नवं ग्रीस भरायलाच हवं, ट्रेलर कमी चालला असला तरी. पावसाच्या पाण्यात बुडालेला हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, आतून गंजतो.

आणखी एक सोपी तपासणी रस्त्यावर होते. तीसेक किलोमीटर चालवून थांबलात की चारही हबचं आणि टायरांचं तापमान लांबून मोजणाऱ्या थर्मामीटरने बघा. आकडा किती यापेक्षा चौघांतला वेगळा कोण ते महत्त्वाचं. एकच हब तापला तर बेअरिंग किंवा ब्रेक. टायर तापला आणि हब नाही, तर हवा, वजन किंवा तिरकेपणा.

कमान पाटे

खाडीकाठच्या हवेत लोखंड लवकर गंजतं, आणि घोडबंदर रस्ता, शिळफाटा, मुंब्रा बायपास यांवरचे पावसाळी खड्डे पाट्यांची परीक्षा घेतात. पाट्यांवर आडवी बारीक भेग, शॅकलच्या (पाट्याचं टोक चौकटीला जोडणाऱ्या कडीच्या) छिद्रांचं लंबगोल होणं, छिद्रांत बसणारे झिजलेले बुश आणि दोन एक्सलमधल्या मधल्या तराजूसारख्या तुकड्याची झीज बघा. पाटे आणि एक्सल एकत्र आवळणाऱ्या यू-बोल्टजवळ चमकदार घासलेला पट्टा किंवा त्याभोवती ताज्या गंजाची लालसर पावडर दिसली तर तिथे काहीतरी सरकतंय.

कळंबोलीला कंटेनर ट्रेलरची कामं करणाऱ्या एका वयस्कर मेस्त्रींनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "सेंटर बोल्ट बघितला का? तो तुटला की एक्सल पाट्यावर सरकतो, आणि यू-बोल्ट आवळलेले असल्यामुळे वरून काहीच कळत नाही." पाटे एकत्र धरणारा हा बोल्ट असतो आणि त्याचं डोकं एक्सलच्या खाचेत बसतं. खड्ड्यात चाक आपटून तो तुटला, की एक्सल काही मिलिमीटर मागे जातो आणि तिथेच आवळून राहतो.

रबराच्या दांड्यांचा एक्सल असेल तर पाटे नसतात. तिथे चाकाचा हात एका बाजूला खाली बसलाय का एवढंच बघायचं. बसला असेल तर एक्सल बदलावा लागतो.

ओळंबा, सुतळी, खडू

इथेच खरा निकाल लागतो, आणि त्याला महागडं मशीन लागत नाही. गवंड्याचा ओळंबा, खडू, न ताणणारी पोलादी फीत, पाणसळ आणि एक मदतनीस पुरे. सोसायटीच्या तळघरातली काँक्रीटची जमीन उत्तम, पण पाणसळीने ती बघून घ्या.

ट्रेलर भरलेला ठेवा. गाडीने सरळ दहा-पंधरा मीटर पुढे ओढून हळूच थांबवा, ब्रेक न दाबता. वळून थांबलात तर टायर पिळलेले राहतात आणि माप बिघडतं. मग ट्रेलर सुटा करा, चाकांना पाचर लावा आणि चौकट समतल करा.

गाडीला अडकवायच्या गोल खोबणीच्या बरोबर मध्यातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा. आता पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना, हबच्या मध्यातून, तशाच खुणा करा. दोन्ही बाजूंना ओळंबा अगदी त्याच जागेवरून सोडला पाहिजे, नाहीतर माप फुकट. खोबणीखालच्या खुणेपासून डाव्या खुणेपर्यंत आणि उजव्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तीनदा मोजा, दर वेळी फीत नव्याने ताणून. दोन एक्सल असतील तर दोन्ही हबमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे मोजा. इथे फरक दीड-दोन मिलिमीटरच्या आत हवा.

आमच्या पुढच्या एक्सलचा फरक १ मिलिमीटर होता. मागच्याचं डावं टोक ९ मिलिमीटर मागे होतं. चाकांमधलं अंतर १,७०० मिलिमीटर धरलं, तर हजार किलोमीटर चालताना या तिरकेपणापोटी सुमारे पाच किलोमीटरचं आडवं घासणं दोन एक्सल मिळून वाटून घेतात. टायर दोन हजार किलोमीटरमध्ये का संपला याचं उत्तर तिथे होतं. डाव्या मागच्या टायरच्या आतल्या कडेवर तिरकेपणा आणि जादा वजन दोन्ही एकत्र पडत होते. डाव्या पुढच्यावर ते एकमेकांना खोडत होते, म्हणून तो सगळीकडे सारखा झिजून मला निरोगी वाटला होता. आणि उजवा मागचा टायर त्याच्या बाहेरच्या कडेवर सुरुवातीपासून हेच सांगत होता.

आता चाकांचा कल. चाकासमोर ओळंबा टांगून दोऱ्यापासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. १३ इंची रिमवर ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश कल. ट्रेलर रिकामा असताना चाकाचं डोकं किंचित बाहेर आणि भरल्यावर जवळपास उभं, हे ठीक. भरल्यावरच आत झुकत असेल तर वजन. रिकामं असतानाही आत झुकलेलं असेल तर एक्सल कायमचा वाकला. एकाच चाकाचं झुकलं असेल तर त्या टोकाचा दांडा.

चाकांचं तोंड बघण्यासाठी चाक उचलून फिरवा आणि नक्षीच्या मध्यभागी खिळ्याने बारीक रेघ ओढा. चाक खाली ठेवून ट्रेलर थोडा पुढे ओढा. मग एक्सलच्या उंचीवर पुढच्या आणि मागच्या बाजूला दोन्ही टायरांवरच्या रेघांमधलं अंतर मोजा. मध्ये चौकट आडवी येत असेल तर दोन सरळ लाकडी पट्ट्या टेकवून माप खाली घ्या. १.५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, ३ च्या वर गेला तर एक्सल वाकला आहे.

दुरुस्ती आणि नंतरचे ५०० किलोमीटर

तुटलेला सेंटर बोल्ट बदलणं आणि एक्सल खाचेत परत बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा आवळले की ताणलेले असतात. वाकलेला एक्सल गॅसने लाल करून सरळ करून देणारे भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. तापवलेल्या ठिकाणी पोलाद कमकुवत होतं आणि घाट उतरताना ते तुटलं तर ट्रेलर ताब्यात राहत नाही. थंड अवस्थेत दाबयंत्रावर थोडा वाक काढणारे कारागीर आहेत. टोकाचा दांडा वाकला असेल तर मात्र एक्सल बदलाच.

आम्ही बॅटरी उजवीकडे नेली, पाण्याची टाकी मधोमध घेतली आणि गाडीचा हुक ४ सेंटिमीटर खाली आणला. पुन्हा काट्यावर गेलो तेव्हा सगळ्यात जड चाक ४२५ किलोचं होतं. मग नवे टायर, एका एक्सलला दोन एकत्र, एकाच मापाचे आणि भारांकाचे. एक जुना एक नवा अशी जोडी लावली की उंचीतला फरक पुन्हा झीज घडवतो.

चाकांचे नट आणि यू-बोल्ट पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. ५०० किलोमीटरनंतर तीच नऊ-नऊ मापं घ्या आणि पहिल्या कागदाशेजारी लिहा. एवढ्या अंतरात चांगल्या टायरवर फरक मापकाला जेमतेम जाणवतो. तळहात दोन्ही दिशांनी फिरवून बघा. एखाद्या टायरवर करवतीचे दात पुन्हा उमटायला लागले असतील, तर पुन्हा ओळंबा काढा आणि पाटे बसवलेल्या जागेपासून मोजायला सुरुवात करा.